हरण्यानंच खाल्ल्या

“वैजू! ए वैजू! भाईर ये आदी!”

आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची हाक परड्यातून आली तेव्हा मी चुलीवरचं दूध उतरवत होते. आवाजावरूनच कळलं, आज पुन्हा एखादी कोंबडी गेली. तशीच ओल्या हातानं मागच्या दारी धावले. एखादी नव्हती, तीन होत्या. जाळीच्या आत, हातहातभर अंतरावर, पाय ताठ करून पडलेल्या. उरलेल्या चार कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि त्यांच्या घशातून आवाजसुद्धा निघत नव्हता.

“आठ झाल्या,” आत्याबाई म्हणाल्या. “आठ दिवसांत आठ.”

त्या मटकन खाली बसल्या. महिला मंडळाच्या योजनेतून त्यांना बारा कोंबड्या मिळाल्या होत्या. तपकिरी, थोराड, गावठीपेक्षा दीडपट. मामंजींनी परड्यात कंबरभर उंचीची जाळी मारून दिली होती. शेत मामंजींचं, म्हशी मामंजींच्या, दूध संस्थेचं पुस्तक मामंजींच्या नावावर. कोंबड्या तेवढ्या आत्याबाईंच्या. प्रत्येकीला त्यांनी नाव ठेवलं होतं.

माझ्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. धामणवाडी म्हणजे राधानगरीच्या जंगलाला टेकलेली वीस-बावीस घरं. मी गारगोटीची, कोल्हापुरात राहून बी.एस्सी. झालेली, प्राणिशास्त्र घेऊन. वाडीतली पहिली पदवीधर बाई मीच, पण त्या पदवीचा उपयोग तोवर कुणाला दिसला नव्हता. माझी भाकरी वातड व्हायची. डोक्यावर घागर ठरायची नाही. “कॉलेजात ह्ये शिकवत न्हाईत व्हय गं?” असं आत्याबाई विचारायच्या, तेही चार बायकांत.

मामंजी गोठ्यातून आले. धाकटे दीर सर्जेराव आले. दगडी कुंपणापलीकडं शेजारची चार माणसं गोळा झाली.

“कोल्हा,” एकजण म्हणाला.

“कोल्हा दिवस उगवल्यावर येतोय व्हय? रानमांजर आसंल,” मामंजी म्हणाले.

“कशाला कोल्हं न् मांजरं हुडकताय?” आत्याबाई उसळून उठल्या. “काल दुपारी इठाचं कुत्रं तोंडाला पिसं लावून पळताना मी बघितलंय. ह्या डोळ्यांनी. हरण्यानंच खाल्ल्या.”

“माझा हरण्या तसला न्हाई, आक्का.”

विठाकाकू आपल्या दारातून बोलल्या. आमच्या कुंपणाला लागून त्यांचं घर. नात्यानं माझ्या चुलत सासू. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात एक म्हैस आणि हरण्या, हरणाच्या रंगाचा, उजवा कान फाटलेला. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी मागच्या दारी बसून रडायचे तेव्हा कुंपणावरून करवंदाच्या लोणच्याची वाटी पुढं करणाऱ्या विठाकाकूच होत्या. दिवाळीनंतर त्यांनी मला हिरडा गोळा करायला जंगलात नेलं होतं. परतताना पायवाटेवर गवा उभा होता, एकटा, दहा पावलांवर. हरण्या आमच्यापुढं जाऊन भुंकत उभा राहिला आणि गवा वळून झाडीत शिरेपर्यंत हलला नाही. काकू हसत म्हणाल्या होत्या, “ह्यो हाय म्हणून मी रानात जाती गं. न्हायतर कुणाच्या जिवावर जाऊ?”

आता तोच हरण्या त्यांच्या पायाशी बसून आमच्याकडं बघत होता, शेपूट हलवत.

“तसला न्हाई म्हंजे? पिसं काय वाऱ्यानं चिकाटली त्याच्या तोंडाला?” आत्याबाई म्हणाल्या.

“थांबा,” मामंजींनी हात वर केला. मग ते माझ्याकडं वळले. “वैजयंता, तू जनावरांचंच शिकलीस न्हवं? बघ की मग. कशाचं काम हाय ह्ये?”

सहा महिन्यांत मामंजींनी चार माणसांत मला काही विचारलं, ती पहिली वेळ.

मी पदर खोचून जाळीत उतरले. एक कोंबडी उचलली. अजून कोमट होती. पोट फाडलेलं नव्हतं, मांस खाल्लेलं नव्हतं. मान लुळी, मागच्या बाजूला पिसांत थोडं रक्त. दुसरी तशीच. तिसरी मी नीट पाहिलीसुद्धा नाही, कारण तोवर मी बोलायला लागले होते.

“घार एवढी मोठी कोंबडी उचलत नाही, पिल्लं उचलते,” मी म्हणाले. “साप अंडी नेतो, असं मारून टाकत नाही. कोल्हा आणि रानमांजर पोटासाठी मारतात. एक मारली की तोंडात धरून जंगलात पळतात. तीन मारायच्या आणि न खाता टाकून जायचं, हे घरी पोट भरलेल्या जनावराचं काम. त्याला तो खेळ वाटतो.”

सहा महिन्यांत असं कान देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं.

“म्हंजे कुत्रं?” मामंजींनी विचारलं.

“कुत्रंच.”

विठाकाकू आत्याबाईंकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. हरण्याच्या मानेवरचा हात त्यांनी काढून घेतला.

“एकदा रक्ताची चटक लागली की बांधून घालून उपेग न्हाई,” सर्जेराव म्हणाले. “आज कोंबड्या हायत, उद्या शेळ्यांची करडं धरंल. काठ्या घिऊन चौघं येतो आन् मिटवून टाकतो.”

“आजचा दिस इठाला द्या,” मामंजी म्हणाले. “तिचं कुत्रं हाय, तिचं तिनं बघावं. कुठं लांब लावून द्यायचं तर देऊ दे. उद्या न्याहारीच्या वक्ताला हितं दिसलं, तर मग पोरं बघतील.”

माणसं पांगली. जाताना एकजण मामंजींना म्हणाला, “सून हुशार हाय हो तुमची.” गोठ्याकडं जाताना मामंजींची मान ताठ होती.

दुपारी घरातली सगळी ऊसतोडीला गेली. मेलेल्या कोंबड्या पुरून टाकायचं काम माझ्याकडं होतं. परड्याच्या कोपऱ्यात मी खड्डा काढला. दोन टाकल्या. तिसरी उचलली तेव्हा तिची मान माझ्या हातावर कलंडली आणि मागची पिसं दुभंगली.

दोन भोकं होती. बारीक, दाभणानं टोचल्यासारखी. दोहोंच्या मध्ये माझ्या करंगळीचं नख जेमतेम मावलं असतं.

कुत्र्याच्या सुळ्यांमध्ये दोन बोटांचं अंतर असतं. हे मला कुणी सांगायला नको होतं. कवट्या हातात घेऊन, पट्टीनं मोजून, आकृत्या काढून मी परीक्षा दिलेली होती. मी खड्ड्यातल्या दोन्ही पुन्हा बाहेर काढल्या. पिसं बाजूला करून पाहिली. तीच दोन भोकं, तेवढ्याच अंतरावर.

मग मी गुडघ्यांवर बसून जाळीच्या कडेनं सरकत गेले. मोरीचं पाणी परड्यातून बाहेर जायला एक पाट होता. जाळी त्या पाटावरून गेली होती आणि खाली हाताचा पंजा जाईल एवढी फट राहिली होती. पुढं सरपण रचलेलं, म्हणून ती कुणाच्या नजरेला पडली नव्हती. तारेच्या टोकाला केस अडकले होते. पाच-सहाच. मी ते सोडवले आणि उन्हात धरले. राठ केस, आणि प्रत्येक केसावर पट्टे. बुडाशी पिवळट, मग काळा, मग पांढुरका, पुन्हा काळा.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात भुसा भरलेलं मुंगूस होतं. त्याचा केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मी त्याचं चित्र काढलं होतं. मुंगूस दिवसा शिकार करतं. मानेच्या मागं चावतं. कोंडलेली पाखरं सापडली तर गोंधळ थांबेपर्यंत एकामागून एक मारत सुटतं. हे सगळं मला येत होतं. सकाळी मी घार म्हणाले, साप म्हणाले, कोल्हा म्हणाले, रानमांजर म्हणाले. मुंगूस माझ्या तोंडात आलंच नाही. आत्याबाईंनी कुत्रं म्हटलं होतं आणि मी कुत्र्यापर्यंत कसं पोचायचं तेवढंच शोधत होते.

आणि पिसं? परवाची मेलेली कोंबडी मी माझ्याच हातानं उकिरड्यावर टाकली होती. वाडीतलं कुठलंही कुत्रं ती ओढणार. हरण्यानं ओढली.

केस पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले आणि तिन्ही कोंबड्या पुरल्या. ठरवलं, आत्याबाई आल्या की सांगायचं. पहिलं त्यांना, मग त्या मामंजींना सांगतील.

ऊन कलल्यावर आत्याबाई आल्या. हातपाय धुवून चुलीपुढं बसल्या. मी परात ओढायला गेले तर त्यांनीच ती आपल्याकडं घेतली.

“बस तू. आज भाकऱ्या मी थापती.”

मी बसले.

“मंडळाच्या बायका इचारत हुत्या,” त्या पिठाला पाणी लावत म्हणाल्या, “तुमच्या सुनंला कसं काय कळलं म्हणून. म्हटलं, शिकलीया ती. उगंच न्हाई आणली.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आनंदाचा बा काय म्हणत हुता म्हाईत हाय? गारगोटीच्या हायस्कुलात जागा निघाली तर लावू या म्हणत हुता तुला. घरात बसवून काय करायची म्हणाला.”

आनंदा म्हणजे माझे यजमान. नोकरीचा विषय त्यांनी दोनदा काढला होता आणि दोन्ही वेळा मामंजी ताटावरून उठून गेले होते.

“आत्याबाई...” मी म्हणाले.

“काय गं?”

पदराची गाठ माझ्या मुठीत होती.

“काही नाही,” मी म्हणाले. “मीठ घातलं का विचारत होते.”

मी स्वतःला समजावलं की हरण्याला कुठं मारताहेत? लांब लावून देतील. काकूंचं माहेर ओढ्यापलीकडच्या गावात, तिथं ठेवतील. चार दिवसांनी मी शांतपणे मामंजींना सांगेन, मग त्याला परत आणतील. एवढं सगळं मी एका भाकरीच्या वेळात ठरवलं.

दिवेलागणीच्या आधी विठाकाकू मागच्या दारी आल्या. आत्याबाई धार काढायला गोठ्यात होत्या. काकू उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. हरण्या बरोबर नव्हता.

“वैजू, एक इचारू?”

“या ना काकू, आत या.”

“आत न्हाई. खरं सांग मला. आक्काचं सोड, तिचं न् माझं कधी जमलं न्हाई. सर्जाला तर काठी चालवायची हौसच हाय. तू सांग. हरण्याच हाय न्हवं? चुकत न्हाईस न्हवं तू?”

मी त्यांच्याकडं पाहिलं. मागं गोठ्यात दुधाची धार बादलीत वाजत होती.

“मी काय अडाणी बाई,” त्या म्हणाल्या. “मला वाटतंय त्यानं न्हाई खाल्ल्या. पण मला माया हाय, मला वाटणारच. तू शिकलीयास. तू म्हणलीस व्हय, तर व्हय.”

धार वाजायची थांबली. आत्याबाई आता उठतील, येतील, ऐकतील.

“होय काकू,” मी म्हणाले. “हरण्याच आहे.”

त्यांनी मान हलवली. दोनदा.

“काय करणार आता?” मी विचारलं.

“बघती काय ते,” म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरून येत होते. विठाकाकूंच्या दारात चार बायका उभ्या होत्या. मला वाटलं, हरण्याला नेण्याची तयारी चाललीय. मग आनंदा समोरून येताना दिसले.

“घरी चल,” ते म्हणाले. “तिकडं नको जाऊस.”

“काय झालं?”

“काकूनं कुत्र्याला औषध घातलं. भाकरीतनं. उसाला टाकतात ते.”

“स्वतः?”

“स्वतःच. दुधात भाकरी कुस्करून. सर्जेरावानं विचारलं, आम्हाला सांगायचं न्हाई व्हय, तर म्हणाली, तुमच्या काठ्या खाऊन मरण्यापरीस माझ्या हातची भाकरी खाऊन जाऊ दे.”

माझ्या कडेवरची घागर मी कशी घरी आणली ते आठवत नाही. मी तिकडं गेले नाही. हरण्याला पाहिलं नाही. पुढं त्याचं काय केलं तेही विचारलं नाही. दिवसभर कुंपणाच्या बाजूचं दार मी लावून ठेवलं.

आणि दुपारी, सगळे उसाला गेल्यावर, मी परड्यात गेले. सरपण बाजूला केलं. पाटाच्या फटीत दगड ठोकून बसवले, पाणी जाईल एवढीच बारीक वाट ठेवली, मधल्या फटींत कौलांचे तुकडे घातले, वर चिखल लिंपला आणि सरपण पुन्हा होतं तसं रचलं. पदराची गाठ सोडून केस चुलीत टाकले. अजून एक कोंबडी गेली असती तर सगळ्यांना कळलं असतं की हरण्या नव्हता. ती जाऊ नये याची मी व्यवस्था केली.

एकही गेली नाही. आठ दिवस गेले, महिना गेला. त्या चार कोंबड्यांची पुढं वीस झाली.

“बघा,” आत्याबाई येईल त्याला सांगायच्या, “कुत्रं गेलं आन् कोंबड्या ऱ्हायल्या. आमच्या वैजूनं एका नजरंत वळखलं हुतं.”

वाडीतल्या बायका आजारी कोंबड्या, न उबणारी अंडी, लंगडणारी शेळी घेऊन माझ्याकडं यायला लागल्या. मी त्यांना जे सांगायचे ते बहुतेक वेळा बरोबर असायचं. जूनमध्ये हायस्कूलला विज्ञान शिकवायला लागले. मामंजी स्वतः पहिल्या दिवशी मला एसटीपर्यंत सोडायला आले.

विठाकाकूंनी पुन्हा कुत्रं पाळलं नाही. पावसाळ्यानंतर त्या हिरड्याला गेल्या नाहीत. एकटीनं म्हैस रानात नेणं जमेना, म्हणून तीही विकली. माझ्याशी त्यांनी बोलणं सोडलं नाही, लोणचंही द्यायच्या. कुणी हरण्याचं नाव काढलं तर म्हणायच्या, “चांगलं हुतं, पण वळण बिघडलं. पोटच्या पोराचं बिघडतंय, ते तर जनावर.” हे त्या माझ्यादेखत म्हणायच्या आणि मी मान हलवायचे.

एकवीस वर्षं झाली त्याला. आम्ही गारगोटीत घर बांधलं. मामंजी गेले, आत्याबाई गेल्या. विठाकाकू ऐंशीच्या पुढं गेल्या आणि त्यांचं सगळं बघायला भाच्याची बायको येऊन राहिली. मागच्या माघात निरोप आला की काकू अंथरुणाला खिळल्यात, फार दिवस काढतील असं वाटत नाही.

शाळेला सुट्टी टाकून मी गेले. एसटीत बसल्यापासून वाक्यं जुळवत होते. काकू गेल्या तर सांगायचं राहून जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

काकू पडवीत खाटेवर होत्या. सकाळचं ऊन पायांवर आलं होतं. देह चिपाडासारखा झाला होता, पण नजर लख्ख. मला पाहून हसल्या.

“आलीस? बस. सुट्टी काढलीस व्हय माझ्यापायी?”

भाच्याची बायको चहा ठेवायला आत गेली. मी काकूंचा हात हातात घेतला. थोडं इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, “काकू, एक सांगायचंय. फार दिवसांचं.”

“सांग की.”

“हरण्यानं कोंबड्या खाल्ल्या नव्हत्या.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

“मुंगूस होतं, काकू. मोरीच्या पाटातनं यायचं. मला त्याचे केस सापडले होते. हरण्याच्या तोंडाला पिसं होती ती उकिरड्यावरची. मी टाकलेली कोंबडी होती. नंतर ते भोक मीच बुजवलं. म्हणून कोंबड्या मरायच्या थांबल्या.”

भराभरा सगळं सांगितलं. एकवीस वर्षं छातीवर असलेलं सात-आठ वाक्यांत संपलं. आणि मला खरंच हलकं वाटलं. हे मी लपवणार नाही.

काकूंनी विचारलं, “कवा घावलं तुला केस?”

“त्याच दिवशी. दुपारी.”

“मी इचारायला आलते...”

“त्याच्या आधी.”

“आदी,” त्या म्हणाल्या.

आत कपबशा वाजल्या. काकूंनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. रागानं नाही. सावकाश, एखादी वस्तू उचलून बाजूला ठेवावी तसा.

“काकू, मला माफ करा. मला तेव्हा...”

“थांब जरा.” त्यांनी डोळे मिटले. मग बोलायला लागल्या, माझ्याशी नाही, वरच्या कौलांशी बोलावं तसं. “पयला घास त्यानं घेतला न्हाई. वास आला आसंल. माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, खा. माझा शब्द त्यानं कधी मोडला न्हाई. खाल्लं. खाताना मधनंच तोंड वर करून बघायचा. मी मनात म्हणायची, बघ किती बघायचं ते, चोर हायस तू. तसं म्हणलं म्हणून मला बसवलं तितं. न्हायतर बसवलं नसतं.”

“काकू...”

“त्यानंतर बी कवा सपनात यायचा. मी म्हणायची, चोर हुतास. मग जायचा.” त्यांनी डोळे उघडले. “आता काय म्हणू त्याला?”

एसटीत जुळवलेली वाक्यं सगळी माझ्याबद्दलची होती. माझं वय, माझं भय, माझी लाज. त्यात काकूंना द्यायला एक शब्द नव्हता.

भाच्याची बायको चहा घेऊन आली. काकूंनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. “झोपल्या वाटतं,” ती म्हणाली आणि माझा कप ठेवून पुन्हा आत गेली.

मी चहा प्यायले नाही. उठले. पडवीची पायरी उतरले तेव्हा मागून आवाज आला, अगदी बारीक.

“वैजू.”

मी वळले. काकूंचं तोंड भिंतीकडंच होतं.

“चोर म्हणून मी त्याला पुरला बी न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “तंगडीला धरून वढ्यात टाकून दिला.”